आण्णांची बॅटरी

३० सप्टेंबर, रात्री साडेदहा

आज किल्लारीच्या भूकंपाची तारीख, म्हणून अक्काचा फोन आला. दरवर्षी येतो. १९९३ साली पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव औसा तालुक्यातच. माळवदाचा एक कोपरा अन् गोठ्याची भिंत गेली, माणसं वाचली.

माझ्या डोळ्यांपुढं ती पहाट लख्ख आहे. बाहेर मिट्ट काळोख, तोंडात माती. आण्णांनी मला उचलून अंगणात आणलं, त्यांच्या दाढीची खुंटं गालाला टोचली. हातात तीन सेलची बॅटरी, तिच्या झोतात धूळ तरंगत होती. पोरांना शंभरदा सांगून झालंय.

आज तेच निघालं तर अक्का म्हणाली, "काय सांगायलास! आण्णा त्या रात्री सोलापूरला होते. तुला मामानं उचललं."

मी वाद घातला. मग ती म्हणाली, "आदल्या दिवशीच गणपती बोळवला होता की रे. मिट्ट काळोख कुठून येईल?"

अनंत चतुर्दशीची रात्र, लगेच पौर्णिमा. आभाळ आलं असेल, असं मनात आलं. पण ती वकिलीच झाली.

आणि हे मी वाचलेलंय! २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्याच दिवशी नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठं कळली, कुणाकडून कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं, तर ११ जणांचं सगळंच चुकलं. खात्री मात्र ५ पैकी सरासरी ४ च्या वर. स्वतःच्या अक्षरातला कागद पाहूनही जुनी आठवण परत येईना. आपल्याच विचारांवर नजर ठेवण्याला मेटाकॉग्निशन म्हणतात. माझी ती नजर तीस वर्षं 'सगळं बरोबर आहे' एवढंच सांगत आली. कोर्टात उभं केलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं, बॅटरी तीन सेलची.

आण्णा त्यात शिरले कसे? पुढं कित्येक वर्षं पारावर तेच हा किस्सा सांगायचे, त्यातूनच बहुतेक.

फोन ठेवताना विचारलं, "अक्का, तू कुठं होतीस तेव्हा?"

"तुझ्या शेजारीच की. तुझा हात धरून."

मघापासून अंगण आठवून बघतोय. अक्का त्यात कुठंच नाही.