वाल्डीच्या अंगावर नसलेले रंग

गेल्या शनिवारी म्युनिकमधल्या जुन्या सामानाच्या बाजारात मी एक कुत्रा विकत घेतला. कापडी. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तिकडं काय कुत्र्यांचा दुष्काळ पडलाय काय, पैसे देऊन आणायला?" दुष्काळ नाहीच. इथं कुत्री मेट्रोत बसतात, खानावळीत टेबलाखाली पथारी टाकतात आणि माझ्यापेक्षा शांतपणे रांगेत उभी राहतात. त्यातला डाकेल म्हणजे बव्हेरियाचा लाडका. लांब अंगाचा, आखूड पायांचा, बिळात शिरून बिज्जूची शिकार करण्यासाठी पैदास केलेला.

माझा कुत्रा मात्र साधासुधा नव्हे. त्याचं नाव वाल्डी, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा शुभंकर आणि ऑलिंपिकच्या इतिहासातला पहिला अधिकृत शुभंकर. चिवटपणा, दमसास आणि चपळाई हे खेळाडूचे गुण डाकेलमध्ये आहेत म्हणून त्याची निवड झाली. मॅरेथॉनचा मार्गसुद्धा त्याच्याच आकाराचा आखला होता. नकाशावर पाहिलं तर खेळाडू कुत्र्याच्या बाह्यरेषेवरून धावले! जर्मन माणूस विनोद करतो तेव्हा तोही असा मोजून-मापून, बेचाळीस किलोमीटरचा.

तो घेऊन जिना चढत होतो तर खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. (आजी हे मनातल्या मनात. तोंडावर अजून आडनावानंच हाक मारतो, सात वर्षं झाली.) त्या ऑलिंपिकच्या वेळी विद्यार्थिनी होत्या आणि फिक्या निळ्या बव्हेरियन पोशाखात पाहुण्यांना वाट दाखवायचं काम करत होत्या. वाल्डीला पाहताच त्यांचा चेहरा खुलला. मग मास्तरीणबाईंसारखं विचारलं, "याच्या अंगावर कोणता रंग नाही, सांग."

मी पाहिलं. डोकं आणि शेपूट आकाशी, अंगावर हिरवे, पिवळे, केशरी पट्टे. म्हटलं, गुलाबी नाही. त्या हसल्या. "लाल नाही. काळा नाही."

जर्मनीत याआधीचं उन्हाळी ऑलिंपिक १९३६ साली बर्लिनला झालं होतं, हिटलरच्या देखरेखीखाली, लाल-पांढऱ्या-काळ्या झेंड्यांच्या गर्दीत. छत्तीस वर्षांनी जग पुन्हा जर्मनीत येणार म्हटल्यावर ओट्ल आयशर या मुख्य संकल्पनाकारानं सगळ्या रंगसंगतीतून लाल आणि काळा काढूनच टाकले. म्हणजे जर्मनीच्या आजच्या राष्ट्रध्वजातल्या तीनपैकी दोन रंगांना त्या कुत्र्यावर जागा मिळाली नाही. आयशरची बायको इंगे ही हान्स आणि सोफी शोल यांची बहीण. या दोघा भावंडांनी हिटलरविरुद्धची पत्रकं वाटली, ती याच म्युनिकच्या विद्यापीठात. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांना मृत्युदंड दिला गेला. हे कळल्यावर ते आकाशी डोकं मला नुसतं गोड वाटेना.

तरीही जे व्हायचं ते झालंच. ५ सप्टेंबरला खेळाडूंच्या वसाहतीत दहशतवादी घुसले आणि इस्रायली पथकातले अकरा जण मारले गेले. आजी त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. मीही विचारलं नाही.

पण माझ्या डोक्यात त्या रात्री वेगळंच सुरू झालं. बेळगावात आम्ही अंडरआर्म क्रिकेटची स्पर्धा भरवली होती, तेव्हाची गोष्ट. बॅनरवर वाघ काढायचं ठरलं. पेंटरकाका विचारते झाले, पट्ट्याचा रंग कुठला? आम्ही एकसुरात म्हणालो, भगवा. आमच्या संघातला कन्नड मित्र गप्प बसला, मग हळूच म्हणाला, निदान गळ्यातला रुमाल तरी लाल-पिवळा करा की. कन्नड झेंड्याचे रंग. झालं! अर्धा तास खडाजंगी. काळ्या-पांढऱ्यात काढू म्हटलं तर कुणीतरी आठवण करून दिली, अरे, १ नोव्हेंबर तोंडावर आलाय, काळा म्हणजे काळा दिवस वाटंल. १९५६ साली त्या तारखेला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, म्हणून मराठी माणसं तो काळा दिवस पाळतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. हिरवा, असं कुणीतरी पुटपुटलं, तर पुढं कुणी बोललंच नाही. पेंटरकाकांनी ब्रश डब्यात बुडवून ठेवला आणि म्हणाले, "मला दोन्ही गल्ल्यांत राहायचंय बाबांनो." शेवटी बॅनरवर नुसता चेंडू आला. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, ते सोडा.

आयशरला माणसं बोलावून रंग काढून टाकायची सोय होती. आमच्यासारख्या गावात कुठला काढणार? प्रत्येक रंगाला धनी आहे.

आप्पांना शुभंकर म्हटलं की अजून अप्पूच आठवतो, १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांचा हत्तीचा छावा. त्याच वर्षी देशात रंगीत दूरदर्शन आलं. आप्पा सांगतात, शेजारच्यांच्या घरी अख्खी गल्ली जमायची आणि अप्पू दिसला की बायका पोरांना उचलून दाखवायच्या. हत्ती निवडून दिल्लीनं मोठी हुशारी केली, हे मला आता कळतं. गणपती म्हणा, मिरवणुकीतला मानकरी म्हणा, जत्रेतला म्हणा, हत्ती कुणालाच परका नाही.

आणि २०२३ ला गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा शुभंकर होता मोगा, म्हणजे गवा, गोव्याचा राज्यप्राणी. नाव कोकणीतल्या 'मोग' वरून, मोग म्हणजे प्रेम. हे वाचून मी इथं बसून हरखलो, कारण गवा आमचाही. खानापूरकडच्या भीमगडच्या रानात तो आहे, आणि पलीकडं म्हादईच्या रानात उतरायला त्याला चेकपोस्ट लागत नाही. म्हादईच्या पाण्यावरून राज्यं कोर्टात गेली. गवा तेच पाणी पितो.

मी उत्साहात हे सगळं घरच्या ग्रुपवर लिहिलं, वाल्डीच्या फोटोसकट. मोठ्या माणसांनी हात जोडलेले चित्र पाठवून विषय मिटवला. उत्तर आलं ते आठ वर्षांच्या पुतणीचं. तिच्या शाळेत खेळाच्या दिवसासाठी प्रत्येक हाऊसनं शुभंकर काढायचा होता. तिनं गवा काढला होता, शिंगं जरा म्हशीची झालीत, पण अंग भरदार आणि आकाशी. अगदी वाल्डीच्या डोक्याचा आकाशी!

माझा श्वासच अडकला. फोन लावला. म्हटलं, "बाळ, हा रंग का घेतलास गं?"

"तपकिरी खडू संपला की काका."

"आणि पायात पांढरं काय काढलंयस? बूट?"

"मोजे. गव्याला मोजे असतातच. बूट मी काढते आता, थांब."