आर्ब्वातल्या ग्लासात मेथी

सप्टेंबरचा पहिला रविवार म्हणजे आर्ब्वात बियूचा दिवस. गावातले द्राक्षबागायतदार नव्या हंगामाचे घड एकमेकांना बांधून एकच अवाढव्य घड, म्हणजे हा बियू, तयार करतात, चौघं जण तो खांद्यावर घेतात आणि वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन टांगतात. मिरवणूक आटोपली की सगळं गाव जेवायला बसतं. पूर्व फ्रान्समधल्या झ्युरा भागातल्या या गावी, एका लहानशा रेस्तराँत वाइन वाढायच्या कामाला लागून मला तेव्हा तीन आठवडे झाले होते.

मुंबईत हॉटेल मॅनेजमेंटला पाठ केलेलं डोक्यात पक्कं बसलेलं: आधी व्हाइट, मग रेड, आणि व्हाइट थंडगारच द्यायची. खिडकीजवळच्या टेबलावर एक म्हातारे बागायतदार, त्यांची बायको, मुलगी आणि बोर्दोचा, म्हणजे रेड वाइनसाठी नावाजलेल्या मुलखातला, जावई होते. आजोबांनी सांगितलं, कोंबड्याबरोबर व्हँ झोन, म्हणजे इथली खास व्हाइट. मी तळघरातून बाटली आणली आणि बर्फाच्या बादलीत घालून तोऱ्यात टेबलाशी नेली.

आजोबा बोलले काहीच नाहीत. बाटली बर्फातून काढली, नॅपकिनने पुसली आणि दोन्ही तळव्यांत धरून बसले, थंडीने काकडलेल्या पोराचे हात धरावेत तशी. मग म्हणाले, "हिला गारठा सोसत नाही. बूच काढून इथेच राहू द्या. तोवर पुलसार आणा."

माझे कान तापले. व्हाइटच्या आधी रेड? पण झ्युरात रीत तशीच आहे. पुलसार या द्राक्षाची साल इतकी पातळ की त्याची रेड कोकमाच्या सरबतासारखी फिकट उतरते. मोर्तोच्या धुरी दिलेल्या सॉसेजबरोबर ती हलकेच जाते. भारदस्त असते ती इथली व्हाइट, म्हणून ती मागाहून.

व्हँ झोन म्हणजे शब्दशः पिवळी वाइन. साव्हान्यँ द्राक्षाची ही वाइन ओकच्या पिंपात सहा वर्षांहून जास्त राहते. एरवी पिंपातली वाइन उडून कमी झाली की वरून भर घालतात, इथे घालत नाहीत. रिकाम्या जागेत वाइनवर यीस्टचा पातळ थर धरतो, दुधावर साय धरावी तसा, आणि त्या सायीखाली वाइन मुरत राहते. बाटलीही वेगळी, ६२ सेंटिलिटरची, बुटकी आणि रुंद खांद्यांची. लिटरभर वाइनमधून एवढ्या वर्षांनी इतकीच उरते, असं इथे सांगतात.

तासाभराने कोंबडा आला, व्हँ झोन आणि क्रीमच्या रश्श्यात, वर मोरिल, म्हणजे आपली काश्मिरी गुच्छी. जावयाच्या ग्लासात पुलसार उरली होती, ती त्याने घासाबरोबर घेतली आणि तोंड आंबट केलं. त्या रश्श्यापुढे बिचारी रेड अगदी पाणचट लागत होती. आजोबांनी मुकाट्याने त्याला पिवळी ओतून दिली. त्यानंतर तो जेवण संपेपर्यंत बोर्दोबद्दल एक शब्द बोलला नाही. शेवटी दोन वर्षं मुरलेलं कोंते चीज आणि अक्रोड आले, तेही त्याच बाटलीबरोबर. चीजबरोबर रेडच हवी, ही समजूत मी त्या दुपारी कायमची सोडली.

पण मला हलवून गेलं ते वेगळंच. आजोबांनी ग्लासात बोटभर ओतून माझ्यापुढे धरली. "नुसता वास घ्या." मी नाक खाली नेलं आणि साताऱ्याच्या घरातला फळीवरचा पितळी डबा उघडला. भाजलेली मेथी, थेट मेथी! थंडीत आई करायची त्या लाडवांची. मालकीणबाई स्वयंपाकघरातून आल्या तेव्हा मी विचारलं, रश्श्यात मेथी घातलीय का? त्या म्हणाल्या, एक दाणाही नाही. फक्त आचेवरून उतरवल्यावर चमचाभर कच्ची वाइन वरून घालते, नाहीतर शिजण्यात वास उडतो.

पुढे कळलं की मेथीच्या दाण्यांना वास देणारं सोटोलॉन हे द्रव्यच व्हँ झोनमध्येही त्या सायीखाली तयार होतं. नाकाने चूक केली नव्हती.

आजोबांच्या बायकोने मेथीचे लाडू कसे करतात ते मला तीनदा विचारलं आणि पर्सच्या कागदावर लिहून घेतलं. डिंकाला फ्रेंच शब्द सापडेना, तो मी हातवारे करून समजावला.

बाटलीत दोन बोटं उरली होती, ती आजोबा माझ्यासाठी ठेवून गेले. हवेची सवय असलेली ही वाइन उघडल्यावरही टिकते. बुधवारी रात्री आवराआवर झाल्यावर मी बूच काढलं. मेथी तशीच होती.