चित्रपट जिथे थांबतो

मी चित्रपटांची अभ्यासक नाही. नोकरी आणि घर सांभाळून उरलेल्या वेळात, कधी चित्रपटगृहात तर बहुतेकदा घरच्या टीव्हीवर, आवडीने चित्रपट पाहणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि इथे मांडलेली मते अशाच पाहण्यातून तयार झाली आहेत. चित्रपट पाहून झाल्यावर कथा, अभिनय, गाणी यांविषयी घरात सगळेच बोलतात. माझे मन मात्र एकाच गोष्टीपाशी रेंगाळते, ती म्हणजे चित्रपट नेमका कुठे थांबला आणि त्याच जागी का थांबला. गेल्या वीसेक वर्षांतले जे मराठी चित्रपट मला मनापासून आवडले, त्यांच्या शेवटात दिग्दर्शकाने प्रेक्षकावर मोठा विश्वास टाकलेला दिसतो, आणि जे आवडता आवडता राहून गेले त्यांच्यात हा विश्वास ऐन वेळी डळमळलेला दिसतो. शेवट उघड केल्याशिवाय यावर लिहिता येणार नाही, म्हणून ज्यांना हे चित्रपट अजून पाहायचे आहेत त्यांनी ते आधी पाहावेत आणि मग हे वाचावे, अशी विनंती आहे.

सुरुवात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’पासून करते, कारण शेवट या गोष्टीचा इतका कठोर विचार केलेला दुसरा मराठी चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला आणि २०१५ साली आपल्याकडे प्रदर्शित झालेला हा चित्रपट नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावरच्या खटल्याची गोष्ट सांगतो. त्याच्यावरचा आरोप असा, की त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी हा शाहीर उभा केला आहे, आणि तो अभिनय वाटतच नाही. खटला तारखांमागून तारखा घेत सरकतो, कॅमेरा कोर्टाच्या खोलीत एका जागी उभा राहून सगळ्यांकडे सारख्याच अंतरावरून पाहतो, आणि त्या स्थिर नजरेसमोर एक दिवस मृत कामगाराची पत्नी साक्षीला येते. तिच्या बोलण्यातून कळते की गटारात उतरण्याआधी तो आत दगड टाकून पाहत असे. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे, असे तो समजे. ती हे अगदी सपाट आवाजात सांगते, तिच्या वाक्याखाली कोणतेही संगीत वाजत नाही, आणि सरकार पक्षाची आत्महत्येची सगळी मांडणी त्या एका माहितीने कोसळत असतानाही त्या खोलीत कोणी चमकत नाही.

एवढ्या ताकदीच्या प्रसंगानंतर दुसऱ्या कोणत्याही कोर्टपटाने निकालाकडे धाव घेतली असती. इथे जामीन मिळालेला शाहीर पुन्हा पकडला जातो, नव्या कलमांखाली त्याला जामीन नाकारला जातो, आणि न्यायालयाची सुट्टी सुरू होते. माणसे निघून जातात, कर्मचारी दिवे मालवतात, पडदा काळा होतो आणि बराच वेळ काळाच राहतो. चित्रपट संपला असेच कोणालाही वाटेल, पण तो संपलेला नसतो. त्यानंतर आपण न्यायाधीशांबरोबर त्यांच्या सहलीला जातो, रिसॉर्टच्या हिरवळीवर ते एका नातेवाइकाला त्याच्या न बोलणाऱ्या मुलासाठी अंकशास्त्राचा आणि खड्याच्या अंगठीचा सल्ला देताना ऐकतो, आणि मग बाकावर डुलकी घेणाऱ्या त्यांना काही मुले ओरडून दचकवतात तेव्हा हाती लागलेल्या एका मुलाला त्यांनी दिलेली थप्पड पाहतो. मूल रडत निघून जाते, न्यायाधीश पुन्हा डोळे मिटतात, चित्रपट संपतो.

हा शेवट विषयाला सोडून आहे, असे मी अनेकांकडून ऐकले आहे, आणि मला ते मुळीच पटत नाही. ताम्हाणे यांनी सुरुवातीपासूनच आपल्याला या माणसांच्या घरी नेले आहे. बचाव पक्षाचा सुखवस्तू वकील सुपरमार्केटमध्ये खरेदी करतो, गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेल्या सरकारी वकील लोकलमधून घरी येतात, मुलाला पाळणाघरातून आणतात, स्वयंपाक करतात आणि कुटुंबासह परप्रांतीयांविरुद्धच्या नाटकाला जाऊन टाळ्या वाजवतात. कोर्टातली माणसे कोर्टाबाहेर कोण आहेत हाच चित्रपटाचा विषय असेल, तर शेवटचा प्रश्न न्यायाधीशांच्या घरचाच असायला हवा होता, आणि तो सर्वांत शेवटी राखून ठेवण्यात फार मोठी समज आहे. एका शाहिराचे आयुष्य ज्याच्या हातात आहे, त्याची विवेकबुद्धी आणि त्याचा राग अर्ध्या झोपेत कसा चालतो, हे त्या थपडेने जितके कळते तितके कोणत्याही निकालपत्राने कळले नसते.

नागराज मंजुळे यांचा मार्ग याच्या अगदी उलट आहे. ते प्रेक्षकाला दूर उभे राहू देत नाहीत. ‘फँड्री’मध्ये खालच्या मानल्या गेलेल्या जातीतला शाळकरी मुलगा जब्या आपल्या कुटुंबाबरोबर गावातले डुक्कर पकडण्याच्या कामाला जुंपला जातो, आणि शाळेतली मुले, विशेषतः त्याला आवडणारी शालू, हे पाहतील या लाजेने तो झुडपाआड लपत राहतो. डुक्कर कोंडीत सापडलेले असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, जब्या ताठ उभा राहतो, त्याच्या मागोमाग घरचे सगळे जागच्या जागी थांबतात आणि डुक्कर निघून जाते. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्यावर त्याहून खोल परिणाम नंतरच्या प्रसंगाचा झाला: मेलेले डुक्कर काठीला बांधून बापलेकरे शाळेच्या भिंतीसमोरून जातात, आणि भिंतीवर आंबेडकर आणि इतर समाजसुधारकांची चित्रे रंगवलेली आहेत. मंजुळे त्या चित्रांवर कॅमेरा रोखत नाहीत, ती फक्त मागे असतात. मग टिंगल करणाऱ्यांवर जब्याने भिरकावलेल्या दगडांपैकी शेवटचा दगड थेट आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला एवढे स्पष्टपणे उद्देशून काही करणे हे एरवी मला खटकते, परंतु तोवर आपणही त्या बघ्यांच्या गर्दीतूनच हा पाठलाग पाहत आलेलो असतो, त्यामुळे तो दगड आपल्याकडे येणे मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

‘सैराट’बद्दल माझे मत थोडे गुंतागुंतीचे आहे. २०१६ साली तो आला तेव्हा गावोगावी ‘झिंगाट’वर नाचणारा प्रेक्षक पुन्हा पुन्हा तिकिटे काढत होता आणि त्याच प्रेक्षकाला तो दर वेळी त्या शेवटाकडे नेत होता. पहिला अर्धा भाग मला आजही जरा लांबलेला वाटतो. विहिरीतल्या उड्या, उसाचे फड, बुलेटवर स्वार होऊन गावातून फिरणारी आर्ची आणि अजय-अतुल यांचे भव्य वाद्यवृंदाचे संगीत हे सारे देखणे आहे, पण काही ठिकाणी ते स्वतःच्याच देखणेपणात रमते. जातीबाहेर प्रेम केल्यामुळे पळून गेलेल्या आर्ची आणि परश्याचा हैदराबादचा भाग सुरू झाल्यावर मात्र चित्रपट जमिनीवर येतो, आणि झोपडपट्टीतली पहिली खोली, संशय, भांडण, परत येणे हे सारे इतके खरे होत जाते की शेवटी आर्ची दारासमोर रांगोळी काढत असताना माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, तेव्हा आपणही तिच्याइतकेच आशेने त्यांच्याकडे पाहतो. त्या दोघांची हत्या दाखवलेली नाही. शेजारणीबरोबर गेलेले लहान मूल परत येते, दारातून आत पाहते, रडत बाहेर निघते आणि त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे उमटत जातात. आवाज पूर्णपणे काढून टाकलेला आहे. अडीच तासांहून अधिक काळ ज्या चित्रपटाने आपल्याला संगीताने भरून टाकले, त्याने अखेरीस तेच संगीत हिरावून घेणे हा या चित्रपटातला सर्वांत धाडसी निर्णय आहे, आणि पूर्वार्धाची लांबी मी त्या एका निर्णयासाठी माफ करते.

दोन वर्षांनी आलेल्या ‘धडक’ या हिंदी आवृत्तीने हा शेवट बदलला. तिथे पती आणि मूल मारले जातात, आणि नायिका जिवंत राहते. क्रौर्याच्या हिशेबाने हे कमी नाही, कदाचित अधिकच आहे, पण परिणाम उणा पडतो, याचे कारण मला असे दिसते की तिथे आपल्याला धक्का दिला जातो आणि तो धक्का नायिकेच्या चेहऱ्यावर संपून जातो. ‘सैराट’मधले मूल अजून बोलायलाही शिकलेले नाही. त्याला काय दिसले ते त्याला कळलेले नाही, आपल्याला मात्र सगळे कळलेले आहे, आणि उद्या त्याला कोण वाढवणार हा प्रश्न आपल्यासोबत घरी येतो.

इथे एक तक्रार नोंदवावीशी वाटते, कारण ती याच विषयाची आहे. आपल्या चित्रपटगृहांत शेवटचा प्रसंग चालू असतानाच दारे उघडली जातात, कधी दिवेही लागतात, आणि लोक पिशव्या गोळा करून उठू लागतात. एका चित्रपटगृहात तर ‘सैराट’च्या त्या निःशब्द शेवटात दारातून बाहेरच्या पुढच्या खेळाच्या रांगेचा गलका आत येत होता. घरी पाहावे तर पडद्याच्या कोपऱ्यात लगेच पुढच्या चित्रपटाची चौकट उगवते आणि श्रेयनामावली चिमटीएवढी होऊन जाते. ज्या दिग्दर्शकाने शांततेचे सेकंद मोजून ठेवले आहेत, त्याच्यावर हा अन्याय आहे. नामावली संपेपर्यंत अंधार राखणे चित्रपटगृहांना अवघड नाही आणि प्रेक्षकांनी तेवढे मागायला हवे.

ज्या शेवटाने मला निराश केले त्याविषयीही लिहायला हवे. रवी जाधव यांचा ‘नटरंग’ (२०१०) मी मनापासून आवडीने पाहिला. अतुल कुलकर्णी यांनी पिळदार शरीराचा गुणा आणि नंतरचा, तमाशात बायकी हावभाव करणारा नाच्या हे दोन्ही ज्या निष्ठेने साकारले आहेत, त्याला तोड नाही. गुणाची कलेची ओढ त्याचे घर, त्याची पत, गावातले त्याचे पुरुषपण हे सारे एकेक करून हिरावून घेते, आणि हे पाहताना आपला श्वास कोंडतो. पण मग चित्रपट वर्षे ओलांडून जातो आणि वृद्ध गुणाला पुरस्कार मिळताना दाखवतो. टाळ्या वाजतात, आपणही सुटकेचा श्वास सोडतो, आणि ती सुटकाच मला फार स्वस्त वाटली. समाजाने जे केले त्याचा हिशेब सत्काराच्या मंचावर मिटवला गेला. मधली वर्षे कशी गेली असतील, हे गुणाच्या थकलेल्या शरीरावर सोपवून चित्रपट आधीच थांबला असता, तर तो माझ्या दृष्टीने या दशकांतल्या सर्वोत्तम चित्रपटांत बसला असता.

मग ‘श्वास’चे काय, असा प्रश्न कोणी विचारील, कारण तोही आशेवर संपतो. संदीप सावंत यांचा हा चित्रपट २००४ साली आला आणि ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा दुसरा मराठी चित्रपट ठरला. डोळ्यांच्या कर्करोगामुळे शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार असलेल्या नातवाला आजोबा आदल्या दिवशी रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात आणि शहर दाखवून आणतात. शेवटी नातू काळा चष्मा लावून होडीतून कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि काठावरच्या माणसांना हाका मारतो. हा शेवट भावविवश करणारा आहे हे मान्य, पण तो काहीही मिटवत नाही. मुलाची दृष्टी गेलेली आहे आणि ती परत येणार नाही. चित्रपट आपल्याला एवढेच दाखवतो की मुलाने ते आपल्या पद्धतीने स्वीकारायला सुरुवात केली आहे, आणि अरुण नलावडे यांच्या आजोबांच्या थकलेल्या चेहऱ्यावर त्या स्वीकाराची किंमतही दिसते. ‘नटरंग’मध्ये मिळालेली भरपाई इथे कोणी देत नाही.

जुन्यांपैकी जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’चा (१९७९) उल्लेख टाळणे मला शक्य नाही. सत्तेच्या राजकारणातले सगळे डावपेच डोळ्यांदेखत पाहिलेला पत्रकार दिगू टिपणीस शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो, आणि निळू फुले यांचे ते हसणे आजच्या बातम्या पाहतानाही कानात घुमते.

ताम्हाणे यांच्याच ‘द डिसायपल’पाशी मी अद्याप अडकलेली आहे. आदित्य मोडक यांनी साकारलेला शरद आयुष्यभर शास्त्रीय गायनाच्या मागे धावतो. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवरून दुचाकीवर जाताना त्याच्या कानात माईंचे, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंचे, ध्वनिमुद्रित उपदेश चालू असतात, आणि तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. शरद मोठा गायक होत नाही. शेवटी तो पत्नी आणि मुलीसह लोकलमधून चाललेला असतो, डब्यात एक भिक्षेकरी गायक येतो, एकतारीच्या साथीने गातो आणि पुढे सरकतो. मला या प्रसंगात मोकळेपणा दिसतो: ज्याने आजवर प्रत्येक सूर स्वतःच्या उणिवेशी ताडून पाहिला, तो प्रथमच मोजमाप न करता ऐकतो आहे, असे मी मानते. लहानपणापासून गाणे शिकलेल्या माझ्या बहिणीला मात्र तिथे सर्वांत मोठी शिक्षा दिसते, कारण जो सहजपणा शरदला अर्ध्या आयुष्याच्या साधनेने मिळाला नाही तो त्या गायकाकडे कोणत्याही गुरूशिवाय आहे, आणि शरदला ते कळते. शरदच्या चेहऱ्यावरून दोन्ही अर्थ निघतात. गाण्याची तालीम घेतलेल्या वाचकांनी तो प्रसंग पाहून आपले मत कळवले, तर बहिणीशी माझा चाललेला वाद पुढे नेता येईल.