तुम्ही विचारलंत म्हणून: सवाई गंधर्व महोत्सवाला, म्हणजे शास्त्रीय संगीत ऐकायला जाणारा माणूस ‘प्रिटी बॅलरिना’ हे इंग्रजी पॉप गाणं का ऐकतो?

आवडतं म्हणून. एवढ्यावर तुमचं समाधान होत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

‘द लेफ्ट बँक’ या न्यूयॉर्कच्या पोरांच्या बँडचं ‘वॉक अवे रेने’ निदान जुन्या पॉपवाल्यांना ठाऊक असतं. त्यामागून, १९६६च्या डिसेंबरात आलेलं हे अडीच मिनिटांचं गाणं मात्र त्याच्या सावलीतच राहिलं. रचणारा मायकेल ब्राउन तेव्हा सतरा वर्षांचा, वडील व्हायोलिनवादक. पियानो, तंतुवाद्यं आणि मधे ओबो, म्हणजे आपल्या सनईसारखंच दुहेरी पत्तीचं वाद्य. वर तीव्र मध्यम (चढा म) आणि कोमल निषाद (उतरलेला नी) एकत्र नांदतात.

गाणं लावून हेच मी आमच्या श्रवणमंडळात सांगायला गेलो. ज्यांच्याकडून ऐकायला शिकलो त्या काकांनी मिनिटभरात हात वर केला. “बंद कर. पोरकट आहे.” मी घाईघाईनं म्हणालो, “काका, स्वर वाचस्पती रागाचे आहेत!” ते शांतपणे म्हणाले, “मग यात वाचस्पती दाखव.” सगळे हसले. कुणीतरी लगेच कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन लावलं, माना डोलायला लागल्या. मी स्पीकरची वायर गुंडाळत बसलो. ओबो अजून यायचाच होता, तो कुणी ऐकलाच नाही. काकांचं मला लागलं नाही. ते हसणं लागलं. त्यात माझ्या शेजारी बसणारेही होते.

काकांचं चुकलं असंही नाही. नुसते स्वर जुळले म्हणून राग होत नाही, चलन, म्हणजे रागाची स्वरांतून चालण्याची रीत, कुठंय? पण मग तेव्हाचा मी म्हणतो, रागाचं नाव घेतल्याशिवाय तुम्ही ऐकलं तरी असतं का? अमेरिकन संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइननं १९६७मध्ये टीव्हीवर याच गाण्यातल्या स्वरांच्या मिश्रणाचं कौतुक केलं होतं. तोही दाखला मी बरीच वर्षं खिशात घेऊन फिरलो. आता वाचस्पती आणि बर्नस्टाइन, दोन्ही काढायचा कंटाळा येतो. नाट्यपदाला ऑर्गन चालतो, तेव्हा त्याचा पासपोर्ट कुणी बघत नाही.

शब्द बाळबोध आहेत, कबूल. प्रेमात पडलेल्या पोराचं रडगाणं. तीव्र मध्यम नसता तर मला आवडलं असतं का? कधी वाटतं, छे. कधी वाटतं, त्या पियानोच्या वळणावरच मी भाळलो असतो.

काकांना परत ऐकवणार का, हेही विचारता. नाही. पूर्ण अडीच मिनिटं बसणार असतील तर त्यांनी यावं.