फ्राय क्र. ४ : लाल जमला आणि वार्निशने घात केला

अलेक्झांडर फ्राय या स्विस फुटबॉलपटूच्या छोट्या फिगर मी रंगवतोय. रविवारी रात्री साडेअकराला त्यातला चौथा पांढराफटक पडला. मॅट (बिनचकाकीचा) स्प्रे वार्निश, जुलै, मुंबईची दमट हवा. चूक माझीच. कॅन आधी गरम पाण्यात ठेवायला हवा होता, तो ठेवला नाही, वर बाहेर धो धो पाऊस.

जीव जास्त जळला तो लालसाठी. फ्रान्सच्या रेन क्लबचा फ्राय (२००४-०५, २० गोल, फ्रेंच लीगमध्ये अव्वल) आणि जर्मनीच्या डॉर्टमुंडचा पिवळा फ्राय कसेबसे निभावले होते. हा स्वित्झर्लंडचा ९ नंबर, ७ जून २००८, बाझल, युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेची सलामी चेक संघाशी. आठवड्याभरापूर्वीच देशासाठी सर्वाधिक गोलांचा विक्रम त्याच्या नावावर झालेला, दंडावर कॅप्टनचा पट्टा, घरचं मैदान, आणि मध्यंतराच्या तोंडावर गुडघा गेला. रडतच बाहेर आला बिचारा.

काळ्या प्रायमरवर लाल मारला तर विटकरी. पांढऱ्यावर चार हात दिले तरी कडा गुलाबी, आणि पाचव्या हाताला शर्टाच्या चुण्याच बुजल्या. दोनदा थिनरने धुतला. ऑनलाइन मागवलेला महागडा लाल म्हणजे रंगीत पाणी निघालं, नाव घेत नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून ग्रिलला मारतात तो रेड ऑक्साईड आणला. पातळ एक हात, दोन दिवस सुकवला, वर साधा पोस्टर लाल दोनच हात. काय बसलाय! चुण्यांच्या खोलात ऑक्साईड आपसूक सावली देतो. (फिगर रेझिनची असेल तरच हं. प्लास्टिकवर आधी तुकड्यावर मारून बघा.)

आणि त्यावर वार्निशची ही भुकटी.

सोमवारी धीर करून ग्लॉसचा एक हात दिला. रंग परत आला! आता तो चकाकतो खरा, पण पुन्हा मॅट मारायचं धाडस नाही. मग वाटलं, असू दे, घाम आहे तो. डोळ्यांखाली ग्लॉसचा एकेक थेंब सोडला, नेल आर्टच्या ब्रशने. तीस रुपयांचा ब्रश, माझ्या सेबलच्या केसांच्या ब्रशपेक्षा टोकदार.

क्र. ५ प्रशिक्षक फ्राय ठरला होता : विंटरथूर क्लब, २०२२, चॅलेंज लीग (स्वित्झर्लंडची दुसऱ्या दर्जाची लीग) जिंकून ३७ वर्षांनी वरच्या लीगमध्ये. (त्यानंतरचा बाझल क्लबचा प्रशिक्षक मी करणार नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत काढून टाकलेल्या माणसाची कसली पोझ करायची?) पण ग्लॉस सुकेपर्यंत २००६ च्या वर्ल्ड कपमधला स्वित्झर्लंड-युक्रेन सामना बघत बसलो. ११७ व्या मिनिटाला फ्राय बाहेर, लुस्त्रिनेली आत, मग पेनल्टी, तिन्ही वाया. स्पर्धेत एकही गोल न खाता संघ घरी.

आणि हा मावरो लुस्त्रिनेली! त्यानेही पुढे प्रशिक्षक होऊन टून क्लबला २०२५ मध्ये तीच चॅलेंज लीग जिंकून वर नेलं. म्हणजे त्या रात्री बाजूरेषेवर जागा बदलणारे दोघेही पुढे तीच लीग जिंकणारे प्रशिक्षक झाले.

तेव्हा क्र. ५ रद्द. एकाच बेसवर दोन फिगर, मध्ये चौथ्या पंचाचा फलक. फलकावरचे आकडे हिरवे-लाल दिसायला हवेत आणि माझ्याकडचा हिरवा बाटलीत गोठलाय. वार्निश मात्र आता दिवाळीनंतर.