देव नदीपलीकडे गेला, तळी तिथेच राहिली

गोव्यातल्या दिवाडी बेटावर बहुतेक जण टेकडीवरचं चर्च बघून परततात. मला कोटीतीर्थ ही देवळाची जुनी तळी बघायची होती. गोव्याच्या कदंब राजांचा सप्तकोटेश्वर, म्हणजे महादेव, याच बेटावरचा. त्याचं देऊळ बहामनी फौजेनं पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं पुन्हा उभं केलं आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जमीनदोस्त केलं. आता उरलीय ती तळी. जांभ्या दगडाच्या झिजलेल्या पायऱ्या आणि भिंतीत ओळीनं कोनाडे, सगळे रिकामे. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

फेरीबोटीनं पलीकडे उतरलं की नार्वे गाव. विहिरीवर पाणी शेंदायला लावलेलं लिंग सोडवून भक्तांनी नदीपार आणलं, असं सांगतात. डिचोलीच्या सूर्यराव सरदेसायांनी त्याला आसरा दिला. पुढे 1668 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं देऊळ बांधायला घेतलं. शके 1590 चा तो लेख दारावर आजही आहे. गाभाऱ्यातलं लिंग गुळगुळीत नाही, त्याच्या अंगावर उभ्या धारा आहेत. समईच्या उजेडात त्या एकेक करून दिसायला लागल्या आणि माझा गळा दाटून आला.

"आमच्या सासूबाई अष्टमीला इथे न्हायच्या," बाहेर फुलं निवडत बसलेल्या आजी म्हणाल्या, "आणि मग दिवाडीकडे तोंड करून हात जोडायच्या. देव इथे आला, तरी जागा ती त्याचीच ना गं!"

राज्य सरकारनं दुरुस्ती करून 2023 मध्ये हे देऊळ पुन्हा खुलं केलं. उतरती कौलं, घुमट, दीपमाळ, सगळं आपापल्या जागी आहे.

रत्नागिरीकडच्या आमच्या गावात असं झालं नाही. देवीला कौल लावून तिची संमती घेतली, मुंबईकरांनी भरभरून वर्गणी दिली, आणि कोरीव खांबांचा लाकडी सभामंडप उतरवून स्लॅब टाकला. खांब जळणात गेले. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांबद्दल आपण तळमळून बोलतो. पण हे पाडकाम आपणच केलं, भक्तीनं केलं, आणि कोकणात गावोगाव ते अजून चालू आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं.

शेजारच्या वाडीत आता जीर्णोद्धाराची बोलणी सुरू आहेत. गावबैठकीला मी नार्व्याचे फोटो घेऊन जाणार आहे. कौलं बदला, गळती काढा, भिंतींना चुना द्या. खांबांना आणि तुळयांना तेवढा हात लावू नका, असं मानकऱ्यांना आणि गुरवकाकांना सांगणार आहे.