वारूंगाचं घर आणि आईचा टर्की

सिडनीच्या उत्तरेकडे वारूंगाला घर घेतलं तेव्हा आईचा फोनवर पहिला प्रश्न, घराचं तोंड कुठल्या दिशेला? म्हटलं अगं इथे सगळ्यांना उत्तरेचं ऊन हवं असतं, कारण आपण विषुववृत्ताच्या खाली ना, दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि जून-जुलैच्या थंडीत उत्तरेच्या खिडकीतूनच काय ते ऊन आत येतं. तिला हे पटेना. मग सप्टेंबरात स्वतः आली, दुपारी अंगणात उभी राहिली, सावली बघितली आणि म्हणाली, खरंच गं, उलटंच आहे सगळं.

घर जुनं आहे, लाल विटांचं, वर कौलं, पुढे व्हरांडा. इकडची रेल्वे १८९०ची, ती आली आणि मग बागायती जमिनींवर अशी मोठ्या आवारांची घरं उभी राहिली. पण खरी श्रीमंती झाडांची. मागच्या कुंपणापाशी एक ब्लू गम आहे, म्हणजे निलगिरीचीच एक उंच जात, बुंध्याला खाली खरखरीत साल आणि वर नुसता गुळगुळीत राखाडी-निळा खांब, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. ब्लू गमचं हे उंच जंगल आता अगदी थोडं उरलंय, सरकारी यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे, म्हणून आपल्या अंगणातलं झाड असलं तरी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, विचारल्याशिवाय तोडता येत नाही, आणि हे मला मनापासून आवडतं. काम मात्र वाढतं. उन्हाळ्याआधी पन्हळी साफ कराव्याच लागतात, वणव्याच्या ठिणग्या लांबून उडत येतात आणि पन्हळीतला सुका पाला लगेच पेटतो.

आता टर्कीचं सांगते. आईने आल्या आल्या मागे मेथी-कोथिंबिरीचा वाफा केला, कोंब वर आले, आणि एका सकाळी बघतो तर वाफा गायब! कुंपणाच्या कोपऱ्यात पाल्याचा भलामोठा ढीग आणि त्यावर एक काळा पक्षी, लाल डोकं, गळ्यात पिवळीजर्द झालर, पायाने माती मागे उडवत उलटा उलटा चाललेला. ब्रश टर्की. आई खराटा घेऊन धावली, मी अडवलं, कारण या पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे, ढिगात अंडी असली तर हात लावायचा नाही.

दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. मग मी तिला तो ढीग समजावला. ती त्याची उबवणीची भट्टी असते. पाला कुजतो, त्याची ऊब तयार होते, मादी येऊन अंडी पुरून जाते ती जातेच, आणि नर महिनोनमहिने राखण करतो, चोच आत खुपसून ऊब बघतो, साधारण ३३ ते ३५ अंश राहील अशी, जास्त झाली तर पाला काढतो, कमी झाली तर वर ओढतो. आई लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, म्हणजे आपण भाकरीचा तवा बघतो तसंच.

तेव्हापासून रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसायची. पाऊस झाला की काळजी, ढीग थंड तर नाही पडला. मेथी मग कुंडीत लावली, वर जाळी टाकून.

नोव्हेंबरच्या शेवटी, पुढच्या रस्त्यावर जॅकरांडाचा जांभळा सडा पडला होता तेव्हा, तिने मला हळूच हाक मारली. ढिगातून मुठीएवढं तपकिरी पिल्लू वर येत होतं, पंखांवर माती, आईबाप जवळ कोणी नाही. या पिल्लांना कोणी भरवत नाही, शिकवत नाही, बाहेर आलं की स्वतःचं स्वतः. ते क्षणभर थांबलं आणि झुडपात पळालं. आईने पदर डोळ्याला लावला, म्हणाली, एवढंसं आहे गं, कुठे जाईल.

आता ती सांगलीला परत गेलीय. रविवारी फोन केला की नातीची चौकशी, मग जावयाची, आणि मग, त्याने ढीग लावला का गं यंदा?